हॉक्स्टनचा डॉक्टर जेम्स पार्किन्सन

पार्किन्सन हे नाव कानावर आले की आपल्याला आठवतो तो एक आजार. हात थरथरणारा, पाठीत वाकलेला, छोटी छोटी पावले भरभर टाकणारा एखादा वृद्ध डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्याकडे या विकाराला कंपवात म्हणतात. परंतु पार्किन्सन हे एका माणसाचे आडनाव आहे. त्या माणसाला घरदार होते, मुलेबाळे होती, राजकारणाचा ध्यास होता, दगड जमवण्याचा छंद होता. आणि ज्या पुस्तिकेमुळे त्याचे नाव या आजाराला चिकटले ती त्याच्या आयुष्यातील अनेक कामांपैकी एक होती, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. गंमत अशी की त्याचे एकही खरे चित्र आज उपलब्ध नाही. त्याचे म्हणून जे छायाचित्र ठिकठिकाणी छापले जाते ते दुसऱ्याच कुणा जेम्स पार्किन्सनचे आहे. आपला पार्किन्सन १८२४ साली वारला, तेव्हा माणसांची छायाचित्रे काढण्याची कला अजून जन्माला यायची होती! गिडिअन मॅन्टेल नावाच्या त्याच्या परिचित भूशास्त्रज्ञाने लिहून ठेवले म्हणून एवढे तरी कळते, की तो उंचीने बेताचा, चेहऱ्याने तरतरीत आणि बोलण्याचालण्यात सौम्य होता.

जेम्सचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. लंडन शहराच्या तटाबाहेर, ईशान्येला हॉक्स्टन नावाची वस्ती होती. तेथील चौकातल्या १ क्रमांकाच्या घरात तो वाढला, आणि सारे आयुष्य त्याने याच परिसरात काढले. वडील जॉन पार्किन्सन हे अ‍ॅपॉथिकरी व शस्त्रवैद्य होते. त्या काळी इंग्लंडमध्ये वैद्यकातही एक प्रकारची वर्णव्यवस्थाच होती म्हणा ना! सर्वांत वर विद्यापीठाची पदवी घेतलेले, लॅटिन जाणणारे फिजिशियन. त्यांच्याखाली हातात सुरी धरणारे सर्जन. आणि सर्वांत खाली औषधे कुटून, गाळून विकणारे अ‍ॅपॉथिकरी. गरिबांच्या घरी जाणारा बहुधा हा तिसराच असे. जेम्स या खालच्या पायऱ्यांवरचा. वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करूनच तो शिकला. १७७६ साली सहा महिने लंडन हॉस्पिटलमध्ये जखमा बांधण्याचे काम त्याने केले, आणि औपचारिक शिक्षण म्हणावे तर तेवढेच.

पुढच्याच वर्षी, १७७७ मध्ये, गळफास घेतलेल्या एका माणसाला त्याने शुद्धीवर आणले. बुडालेल्या, गुदमरलेल्या माणसांना वाचवण्यासाठी लंडनमध्ये नुकतीच ह्यूमेन सोसायटी नावाची संस्था निघाली होती. तिने या बावीस वर्षांच्या उमेदवाराला रौप्यपदक दिले. १७८४ साली वडील वारले, त्याच वर्षी जेम्सला शस्त्रवैद्य म्हणून मान्यता मिळाली आणि हॉक्स्टनचा दवाखाना त्याच्या अंगावर आला.

पण शिकण्याची हौस संपली नव्हती. १७८५ मध्ये त्या काळचे सर्वांत नामवंत शस्त्रवैद्य जॉन हंटर यांच्या व्याख्यानांना तो जाऊन बसला आणि त्याने ती लघुलिपीत उतरवून घेतली. या टिपणांचे पुस्तक त्याच्या मुलाने १८३३ मध्ये छापले. पुढे १८०० साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात पार्किन्सनने उमेदवारीच्या पद्धतीवर सडकून टीका केली. सात वर्षे खल-बत्ता चालवण्यात घालवायची आणि रुग्णालयात काय ते थोडे महिने, ही उलटी रीत त्याला मान्य नव्हती. ज्याला स्वतःला पुरेसे शिकायला मिळाले नाही, तोच शिक्षणाबद्दल इतक्या कळकळीने बोलू शकतो असे मला वाटते.

आता त्याच्या आयुष्यातील सर्वांत वादळी पर्वाकडे वळू. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि इंग्लंडच्या सत्ताधाऱ्यांची झोप उडाली. १७९० मध्ये एडमंड बर्क या प्रसिद्ध संसदपटूने क्रांतीवर कडाडून हल्ला करणारा ग्रंथ लिहिला आणि त्यात सामान्य जनतेला चक्क डुकरांच्या कळपाची उपमा दिली. ही उपमा बर्कला चांगलीच महागात पडली. इंग्लंडभर तिखट पत्रके निघू लागली, आणि डुकरांच्या वतीने बोलणाऱ्या लेखकांत ओल्ड ह्यूबर्ट नावाचा एक म्हातारा फार लोकप्रिय झाला. हा म्हातारा म्हणजे दुसरा कुणी नसून हॉक्स्टनचा अडतीस वर्षांचा डॉक्टर जेम्स पार्किन्सन होता.

१७९२ मध्ये टॉमस हार्डी नावाच्या एका चांभाराने लंडन करस्पाँडिंग सोसायटी स्थापन केली होती. विणकर, सुतार, घड्याळाची कवचे बनवणारे कारागीर असे लोक तिचे सभासद होते. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा अधिकार हवा, ही त्यांची मागणी. (स्त्रियांचा विचार तेव्हा या सुधारकांच्याही डोक्यात आला नव्हता, हे येथे नोंदवून ठेवते.) पार्किन्सन या संस्थेत सामील झाला. १७९४ मध्ये त्याने रक्तपाताविना क्रांती कशी घडेल यावर एक पत्रक लिहिले. किंमत एक पेनी. विक्रीचे पैसे तुरुंगात टाकलेल्या सहकाऱ्यांच्या बायकामुलांसाठी. गरिबांवरचे कर कमी करा, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना भिकारी न ठरवता आधार द्या, मजुरीवाढीसाठी एकत्र येणाऱ्या कामगारांना तुरुंगात घालू नका, मालक मात्र त्यांच्याविरुद्ध खुशाल संगनमत करतात त्याकडे बघा, अशा मागण्या त्यात होत्या. आज या मागण्या वाचताना त्यात राजद्रोह कोठे आहे तो शोधावा लागतो. पण त्या साली सरकारने हेबियस कॉर्पसचा कायदा स्थगित केला होता. म्हणजे खटला न चालवताही माणसाला डांबून ठेवता येत होते.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत सरकारने एका कटाचा गाजावाजा केला. नाटकगृहात बसलेल्या राजा तिसऱ्या जॉर्जवर हवेच्या दाबाने चालणाऱ्या नळीतून विषारी बाण सोडायचा, असा तो कथित कट. खेळण्यातल्या बंदुकीवरून लोकांनी त्याला पॉपगन प्लॉट हे नाव दिले. पकडलेली माणसे सोसायटीची होती आणि पार्किन्सनच्या ओळखीची होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहावे लागले. समोर पंतप्रधान विल्यम पिट. राजद्रोह शाबीत झाला तर शिक्षा फाशीची. अशा वेळी या मोहल्ल्यातल्या डॉक्टराने काय करावे? प्रथम त्याने खात्री करून घेतली की स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आपल्याला कुणी भाग पाडणार नाही. मग मित्रांच्या बाजूने साक्ष दिली. आणि ओल्ड ह्यूबर्ट कोण हे विचारताच, तो मीच, असे सांगून टाकले. कटाचा खटला पुढे १७९६ मध्ये उभा राहिला आणि न्यायालयात टिकला नाही. आरोपी निर्दोष सुटला. हार्डीलाही ज्यूरीने त्यापूर्वीच, नोव्हेंबर १७९४ मध्ये, मुक्त केले होते. पार्किन्सनला अटक झाली नाही. परंतु १७९५ मध्ये सभाबंदीचे आणि राजद्रोहाचे नवे कायदे आले आणि ओल्ड ह्यूबर्टची लेखणी थांबली.

तो भ्याला, असा कुणी निष्कर्ष काढील. मला तसे वाटत नाही. पत्रकांतून जे लोक त्याने सरकारपुढे उभे केले होते, त्याच लोकांसाठी तो आता दुसऱ्या प्रकारची पुस्तके लिहू लागला. १७९९ मध्ये त्याने कुटुंबांसाठी आरोग्याचे दोन भागांचे पुस्तक काढले. कोणते दुखणे घरी बरे होईल, कोणत्या दुखण्यात एक तासही न दवडता डॉक्टर गाठावा, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले. १८०० साली खेडुतांसाठी आणखी स्वस्त पुस्तक आले. त्याच वर्षी मुलांसाठी धोक्याच्या खेळांबद्दलचे एक छोटे पुस्तक निघाले. १८०२ मध्ये त्याने अंतर्गळ झालेल्या मजुरांसाठी अगदी कमी खर्चात करता येईल असा पट्टा सुचवला, कारण ओझी वाहणाऱ्या माणसालाच अंतर्गळ होतो आणि पट्टा विकत घेणे त्यालाच परवडत नाही.

या पुस्तकांची किंमत साहित्याच्या इतिहासात काय असेल ती असो. आमच्या वस्तीत कॉलेजात आलेली मी पहिली. औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, इस्पितळाच्या कागदावर काय म्हटले आहे, हे वाचून दाखवायला मला अजून चार घरांतून हाक येते. तेव्हा ज्याच्या घरात वाचणारे कुणी नाही त्याच्यासाठी सोपे लिहिणे हे किती मोठे काम आहे ते मला ठाऊक आहे.

पार्किन्सन हा देवमाणूस होता असे मात्र मी म्हणणार नाही. हॉक्स्टनमध्ये वेड्यांना ठेवण्याची खासगी घरे होती आणि त्यांपैकी एका घराचा तो बरीच वर्षे डॉक्टर होता. एका बाईला तिच्या नातेवाइकाने अशा घरात कोंडले. ते कोंडणे बेकायदा होते असा निकाल होऊन नातेवाइकाला शिक्षा झाली. पण दाखल्यावर सही होती ती पार्किन्सनची. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर झोड उठवली. १८११ मध्ये त्याने आपली बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली आणि वेड्यांच्या घरांबाबतच्या कायद्यात सुधारणाही सुचवल्या. सूचना रास्त असतीलही. परंतु एका सहीने एका बाईचे स्वातंत्र्य गेले, ही गोष्ट पुस्तिकेने पुसली जात नाही. ज्याने विनाचौकशी तुरुंगात डांबण्याविरुद्ध लेखणी झिजवली त्याच्या हातून हे घडावे, याचे राहून राहून आश्चर्य वाटते.

आणि हो, दगडांचा छंद! जीवाश्म, म्हणजे पाषाणात उमटलेले प्राचीन प्राणी आणि वनस्पती, यांचे त्याला वेड होते. १८०४, १८०८ आणि १८११ अशा तीन खेपांत त्याने लुप्त झालेल्या जगाच्या अवशेषांवर एक भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १३ नोव्हेंबर १८०७ रोजी लंडनच्या एका खाणावळीत तेरा जणांनी मिळून जिऑलॉजिकल सोसायटी स्थापली, त्या तेरांत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही होता तसाच पार्किन्सनही होता. मेगॅलोसॉरस हे डायनोसॉरचे नाव छापील स्वरूपात प्रथम आले तेही त्याच्याच १८२२ च्या पुस्तकात. एका शंखवर्गीय जीवाश्माला आजही पार्किन्सोनिया म्हणतात. हयातीत त्याला जो मान मिळाला तो मुख्यतः या दगडांमुळे. १८२३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्याला सुवर्णपदक दिले, त्यामागेही त्याचे हेच काम होते. थरथरणाऱ्या हातांसाठी त्याला कुणी पदक दिले नाही.

१८१२ साली त्याने आणि त्याचा डॉक्टर मुलगा जॉन याने पाच वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. आंत्रपुच्छाला छिद्र पडून हा मृत्यू झाला असे त्यांनी दाखवले. अपेंडिक्सच्या दुखण्याची इंग्रजीतील ही अगदी पहिल्या नोंदींपैकी एक. यानंतर पाचच वर्षांनी, म्हणजे १८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याने सहासष्ट पानांची ती पुस्तिका काढली. विषय होता थरथरणारा पक्षाघात.

कंप ही काही नवी गोष्ट नव्हती. आपल्या आयुर्वेदाने कंपवाताचे वर्णन केले आहे. रोमच्या काळातल्या गॅलेननेही कंपाचे प्रकार सांगितले आहेत. दारुड्याचा हात कापतो, म्हाताऱ्याची मान हलते, भीतीने अंग थरथरते. या सगळ्यांची एकच मोट बांधली जात असे. खेड्यापाड्यांत तर अजूनही वय झाले की हात कापायचाच, असे म्हणून विषय संपवतात. पार्किन्सनने विषय संपवला नाही. त्याने पाहिले की एक कंप असा आहे जो हात स्वस्थ मांडीवर ठेवला असताना होतो, आणि हात कामाला लावला की सुरुवातीला काही काळ थांबतो. या कंपाबरोबर शरीर पुढे झुकते, आणि चालता चालता माणूस आपोआप धावू लागतो. हा एक स्वतंत्र आजार आहे, हे त्याने ओळखले. आपल्या आधी गॅलेन, सिल्व्हिअस, सोव्हाज यांनी यातले कोणते तुकडे टिपले होते, हेही त्याने नावानिशी सांगितले.

पुस्तिकेत रुग्ण किती? अवघे सहा! पहिला पन्नाशी ओलांडलेला एक माळी, निर्व्यसनी, कष्टाळू. त्याच्या डाव्या हाताला कंप सुरू झाला तेव्हा त्याला वाटले की चार दिवस या हाताला फार काम पडले म्हणून हे होत असावे. दुसरा बासष्ट वर्षांचा, न्यायाधीशाच्या कचेरीत हाताखाली काम करणारा. हा डॉक्टरांना दवाखान्यात भेटला नाही. तो रस्त्यात भेटला. तिसराही रस्त्यातलाच. एके काळचा धिप्पाड खलाशी, आता पासष्टीचा, सारे अंग हलत असलेला. त्याला चालता येत नव्हते, काठीच्या आधाराने धावताच येत होते. स्पॅनिश तुरुंगात महिनोन् महिने ओल्या जमिनीवर निजल्यामुळे हे झाले असे त्याचे म्हणणे. पार्किन्सनने उपचार सुचवून पाहिले, पण त्याने नकार दिला.

चौथा रुग्ण पंचावन्न वर्षांचा, छातीवरच्या गळूसाठी आलेला. कंपावर काही करून पाहण्यापूर्वीच तो दूर गावी निघून गेला. पाचव्याशी तर पार्किन्सनचे बोलणेही झाले नाही. हा गृहस्थ त्याला नुसता दुरून दिसला. त्याचा सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. गृहस्थ मागेपुढे हळूहळू झुलत तोल साधी, मग इशारा देई, आणि सेवक बाजूला सरताच धावत सुटे. सेवकही पुढे पळे आणि वीसएक पावलांवर त्याला पडण्यापूर्वी झेली. डॉक्टर एवढेच पाहू शकला आणि त्याने ते जसेच्या तसे लिहिले. या रस्त्यावरून त्या दिवशी शेकडो माणसे गेली असतील. त्यांनीही हे दृश्य पाहिले असेल. कुणी हसलेही असतील.

सहावा बहात्तर वर्षांचा. त्याची हकिगत सर्वांत विलक्षण. बरीच वर्षे कंप असताना त्याच्या उजव्या अंगावरून वारे गेले. अंग लुळे पडले आणि त्या बाजूचा कंपही थांबला! दोनएक आठवड्यांनी हातापायांत शक्ती परतू लागली, तसा कंपही परत आला. कंपाचे मूळ हातात नसून मेंदूच्या कारभारात आहे, हे सांगणारा याहून स्पष्ट पुरावा त्या काळी मिळणे अवघड होते.

या सहा जणांवरून त्याने आजाराचा सारा प्रवास मांडला. सुरुवात इतकी हळूहळू होते की नेमका दिवस रुग्णालाही सांगता येत नाही. बहुधा एक हात प्रथम थरथरतो. मग अक्षर बिघडते, घास तोंडापर्यंत नेता येत नाही. बद्धकोष्ठ होते. पुढे लाळ गळते, गिळणे कठीण होते, झोपेतही अंग हलते आणि त्या हालचालीने जाग येते. हे सारे त्याने कुठेही भावविवश न होता लिहिले आहे, आणि म्हणूनच ते वाचताना अधिक जाणवते.

तो चुकलाही. आजाराचे मूळ त्याने मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागात मानले, आणि मानेवर रक्त काढण्याचा व फोड उठवण्याचा उपाय सुचवला. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते असे त्याने म्हटले. ते प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत खरे नाही, हे पुढे दिसून आले. स्नायूंचा ताठरपणा तर त्याच्या लक्षातच आला नाही. येणार कसा? ताठरपणा डोळ्यांना दिसत नाही. रुग्णाचा हात आपल्या हातात घेऊन वाकवून पाहावा लागतो. दुरून पाहणाऱ्याची ही मर्यादा होती. पण आपल्यापाशी शवविच्छेदनाचा पुरावा नाही, आपण अनुमानावर चाललो आहोत, हे त्याने आरंभीच कबूल केले, आणि शरीरशास्त्राच्या जाणकारांनी हे काम हाती घ्यावे अशी विनंती केली.

जाणकारांना वेळ लागला. पार्किन्सनला पक्षाघाताचा झटका आला, त्याची वाचा गेली आणि २१ डिसेंबर १८२४ रोजी तो वारला. इंग्लंडने त्याला जवळजवळ विसरूनच टाकले. त्याची आठवण काढली ती फ्रान्सने. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हजारो निराधार स्त्रिया असत. तेथे जाँ-मार्टिन शार्को याने १८६० नंतरच्या काळात कंपाच्या रुग्णांची तपासणी सुरू केली. काही रुग्णांत कंप मुळीच नसतो, मग पक्षाघात हे नाव तरी कशाला, असे म्हणत त्याने आजाराला पार्किन्सनचे नाव दिले. मूळ पुस्तिका शार्कोला मोठ्या मुश्किलीने मिळाली, आणि तीही मँचेस्टरहून! १९१२ मध्ये राउंट्री या अमेरिकन डॉक्टराने त्याच्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे या माणसाचे चरित्र पुन्हा उजेडात आले.

आजाराचे मूळ स्थान १९१९ साली ट्रेटियाकॉफच्या पॅरिसमधील प्रबंधाने दाखवले. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. या रुग्णांत तो फिका पडलेला होता. त्या पेशी करतात काय हे कळायला मात्र आणखी चाळीस वर्षे जावी लागली, आणि त्या शोधात आपल्या सर्पगंधेचा वाटा आहे हे वाचून मला फार आनंद झाला. सर्पगंधेचे मूळ आपले वैद्य पिढ्यानुपिढ्या वापरत आले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या गुणाचा अभ्यास एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि साऱ्या जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. हे औषध जास्त झाले की माणसे कंपवात झाल्यासारखी जखडून जात. स्वीडनच्या आर्विद कार्ल्सनने १९५७ च्या सुमारास सशांना रेसर्पिन दिले. ससे निश्चल पडले. मग त्यांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले, आणि थोड्याच वेळात ते हिंडू लागले. मेंदूत डोपामीन नावाचे रसायन असते आणि त्याच्याविना हालचाल अडते, हे यावरून उलगडले. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून त्यात डोपामीनची तूट दाखवली. १९६१ मध्ये तेथेच रुग्णांना एल-डोपा टोचण्यात आले. १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्झियासने ते तोंडावाटे मोठ्या प्रमाणात देऊन अंथरुणाला खिळलेली माणसे चालती केली. कार्ल्सनला २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच एल-डोपा आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत असते. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्येच वेगळे काढले होते. फक्त त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. (म्हणून कुणी रानात जाऊन बिया चघळू नयेत, मात्रा ठरवणे हे डॉक्टरचेच काम.)

एल-डोपाने आजार बरा होत नाही, आटोक्यात राहतो. काही वर्षांनी औषधाचा अंमल कमीजास्त होऊ लागतो आणि अंग भलतीकडेच वळवळते. १९८७ मध्ये ग्रेनोबल येथे बेनाबिद याने मेंदूत बारीक तार बसवून विजेच्या सौम्य स्पंदनांनी कंप थांबवला. १९९७ मध्ये अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचा या आजाराशी संबंध सापडला. बद्धकोष्ठ तर अनेकांत कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते, असे आता आढळले आहे; म्हणजे पार्किन्सनने नोंदवलेल्या एका साध्या तक्रारीकडे संशोधक नव्याने पाहत आहेत. पेशी मरतात तरी का, हे कोडे अजून सुटलेले नाही.

हॉलंडमधील एका फूलबागायतदाराने, जो स्वतः याच आजाराचा रुग्ण होता, १९८० च्या सुमारास तयार केलेल्या तांबड्या-पांढऱ्या ट्यूलिपला पार्किन्सनचे नाव दिले. ११ एप्रिल हा त्याचा जन्मदिवस जगभर या आजाराचा दिवस म्हणून पाळला जातो.

हॉक्स्टनजवळच्या सेंट लेनर्ड चर्चच्या आवारात पार्किन्सनला पुरले, पण थडगे नेमके कोठे होते ते आज दाखवता येत नाही. चर्चमध्ये मात्र एक संगमरवरी पाटी आहे. त्याच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९५५ मध्ये, ती बसवण्यात आली. पार्किन्सन ज्या गरिबांच्या आश्रयगृहात डॉक्टर म्हणून जात असे, त्यातूनच पुढे सेंट लेनर्ड हॉस्पिटल उभे राहिले होते. पाटी बसवली ती त्या हॉस्पिटलच्या मेट्रनने आणि परिचारिकांनी.